अपेक्षित आणि प्रत्यक्ष

थेसालोनिकीत, बंदरामागच्या जुन्या तेलाच्या वखारीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं पाताळ आहे.
चौदा टेबलं, एक कॉफीचं यंत्र,
आणि खिडकीच्या फटीतून शीळ घालणारा वार्दारिस वारा.

माझं काम मरण्याचं.
दिवसातून दीड-दोनशे वेळा मरते मी,
कड्यावरून, कुत्र्याच्या तीन तोंडांत, काळ्या नदीत,
आणि कुठे भिंतीतून पाय आरपार जातो,
कुठे नाव पाण्याच्या वीतभर वर तरंगते,
ते लिहून ठेवते.

काठावर नाणं न आणलेल्या मेलेल्यांची रांग असते.
त्यातला एक म्हातारा दर वेळी विचारतो,
"वाटेत आमच्या घरचं कुणी दिसलं का?"
उत्तराला दोन बटणं आहेत.
दोन्ही 'नाही'.
पारास्केवासने लिहिलंय ते.
तो जेवतानाही फार बोलत नाही.

पण लोकांनी रडायचं ते पुढे, सातव्या दालनात.
तिथे मुलाला त्याची आई भेटते.
गोल बटण दाबलं की तो हात पसरतो,
आई धुरासारखी हातांतून निघून जाते.
तीनदा.
तिसऱ्यांदा कंट्रोलर थरथरतसुद्धा नाही.
मग मुलगा हात हलवत परत फिरतो
आणि खेळणाऱ्याला कळत नाही
अंगठा कुठे ठेवावा.

मंगळवारी, सव्वासातला, बाकीचे गेलेले,
मी बटण दाबलं
आणि मिठी लागली.

हात अडले. खरोखर अडले.
मुलाची हनुवटी आईच्या खांद्यावर टेकली,
कंट्रोलर माझ्या तळव्यांत मांजरासारखा गुरगुरला.
मी उठले, बसले, पुन्हा दाबलं.
पुन्हा लागली.

नाऊसाला, पीच डबाबंद करायच्या कारखान्यात
माझी आई एकवीस उन्हाळे उभी होती,
मनगटापर्यंत पाक.
जवळ घेतलं की माझे केस चिकटायचे तिच्या हातांना
आणि मी ओरडायचे, सोड ना, आत्ताच धुतलेत.
शनिवारी तिचे चाळीस दिवस झाले.
चर्चबाहेर मी साखर घातलेले गहू वाटले, कागदी पिशव्यांतून.
मावशी म्हणाली, डाळिंबाचे दाणे कमी पडलेत.

बावीस वेळा दाबलं.
तेविसाव्यांदा कॅमेरा फिरवून मागून पाहिलं.

आईचे हात खालीच होते.
मुलाच्या पाठीवर ते आलेच नव्हते.
येणार कसे? तिला मिठी मारायला
कुणी शिकवलंच नव्हतं,
शिकवलं होतं फक्त विरायला.
तशीच उभी होती, बोटं सैल,
नजर मुलाच्या डोक्यावरून पलीकडे,
भिंतीवरच्या एका मशालीकडे.

इस्पितळात, शेवटच्या रविवारी,
मीही वाकून धरलं होतं.

मग रकाने भरले.
त्रुटी क्रमांक ९१२.
ठिकाण: सातवं दालन.
अपेक्षित: हात आरपार जावेत.
प्रत्यक्ष: हात अडतात.
गांभीर्य:
इथे जरा थांबले.
किरकोळ, मध्यम, मोठं. यादीत एवढंच होतं.
मध्यम.

सकाळी पारास्केवासने अकरा मिनिटांत दुरुस्त केलं.
शून्य हवं होतं तिथे एक पडला होता, म्हणाला.
मग स्क्रीनवरून नजर न काढता,
"क्लेओनीकी, नोंदीत तेवीस मिठ्या दिसतायत."
"खात्री करत होते."
त्याने मान हलवली,
आपलं तीळ लावलेलं कुलूरी मोडलं
आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

खाता खाता तपासलं.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा कंट्रोलर गप्प.
'पडताळलं', असं लिहिलं, नोंद मिटवली.

गोल बटणाच्या कडेला एक तीळ अडकला होता.
नखाने काढायला गेले
तर आणखी आत गेला.